चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी न देणारं मेडिकल (माझा जुना १ स्टार काढून टाकलाय)

आधीच सांगते, ह्याच मेडिकलला मी २०२३ मध्ये १ स्टार दिला होता. "मालक उद्धट आहे, चारचौघांत अपमान करतो, साधी झोपेची गोळी मागितली तर चोरासारखं बघतो, कोणी जाऊ नका" असं लिहिलं होतं आणि वर दोन मैत्रिणींना सांगून लाइक पण करायला लावलं होतं. तो रिव्ह्यू मागच्या आठवड्यात काढला. आता ५ देतेय आणि का देतेय ते नीट लिहायचंय म्हणून लांबेल, वेळ काढून वाचा, कारण तुमच्या पण घरात कुणाच्या तरी उशीखाली किंवा पर्सच्या आतल्या कप्प्यात ही गोळी असू शकते.

दुकानाचं नाव इथे टाकत नाही. काकांना विचारलं होतं तर म्हणाले नको ताई, मी काय वेगळं केलं नाही, कायद्यात लिहिलंय तेवढंच केलं, त्याची जाहिरात कशाला. सांगलीत विश्रामबागला आहे एवढं सांगते, जे तिथले आहेत ते वर्णनावरून ओळखतीलच.

दुकान जुनं आहे, एकाच शटरचं, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागतं. काका साठीच्या पुढचे असतील, स्वतः फार्मासिस्ट आहेत आणि काउंटरला स्वतःच असतात. संध्याकाळी त्यांची सून बसते, तिचं पण डी.फार्म झालंय. हे मुद्दाम लिहितेय कारण भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरला बारावी झालेला मुलगा अशी दुकानं आपण सगळ्यांनी बघितलीत, तिथे गोळीचं नाव मोबाईलवर दाखवलं की गोळी मिळते. मी अशाच दुकानांतून अडीच वर्षं गोळ्या घेतल्यात त्यामुळे मला हा फरक माहीत आहे.

तर माझं झालं असं. मे २०२१ मध्ये माझे वडील गेले, कोविडनेच, दुसऱ्या लाटेत. शेवटचं बघायला पण मिळालं नाही, पॅक करून दिलेलं बघितलं तेवढंच. त्यानंतर मला झोप येईना. म्हणजे अजिबातच नाही, रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे आणि छातीत धडधड. फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ लिहून दिली, रात्री एक, १५ दिवस. १५ दिवस असं स्पष्ट लिहिलं होतं चिठ्ठीवर, ती चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे. त्यांच्यावर माझा राग नाही, त्या वेळेला त्या गोळीची मला खरंच गरज होती, पहिल्या रात्री गोळी घेतली आणि सहा तास सलग झोपले तेव्हा मला वाटलं देव भेटला. पण पंधरा दिवसांनी मी परत गेले नाही आणि त्यांनी पण बोलावलं नाही, मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवलं की तो नवीन द्यायचा, दहा गोळ्यांना किती पैसे लागतात, चहाच्या बिलाएवढे, कुणाला घरात हिशोब पण द्यावा लागत नाही.

सहा महिन्यांत ०.२५ ला झोप येईना म्हणून दोन घ्यायला लागले. मग ०.५ ची. मग पतसंस्थेत ऑडिट आलं (मी पतसंस्थेत काउंटरला आहे) तेव्हा दुपारी पण एक ०.२५, कारण हात थरथरायचे. आता मला माहीत आहे की ते थरथरणं टेन्शनचं नव्हतं, रात्रीची गोळी उतरत होती त्याचं होतं. तेव्हा वाटायचं बघ, गोळी घेतली की बरं वाटतं म्हणजे मला गोळीची गरज आहे. ह्या वाक्याने मला अडीच वर्षं फिरवलं.

विश्रामबागला घर घेतलं जून २०२३ मध्ये. खाली कोपऱ्यावर हे मेडिकल. पहिल्याच आठवड्यात गेले, रिकामं पाकीट पुढे केलं, काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले "चिठ्ठी?" मी म्हटलं चिठ्ठी घरी आहे, रोजची गोळी आहे माझी. तर म्हणाले "मग घरनं घेऊन या, मी थांबतो." मागे तीन माणसं उभी होती. मला इतकं लागलं ते. रात्री बसून तो १ स्टार लिहिला.

दुसऱ्या दिवशी ती २०२१ ची चिठ्ठी घेऊन गेले. त्यांनी तारीख बघितली, १५ दिवस लिहिलेलं बघितलं, आणि म्हणाले "ताई, ही संपली कधीच." बस. आवाज पण चढवला नाही. मी तरातरा निघून आले आणि गावात जुन्या दुकानातून आणायला लागले. पुढे तिथला माणूस पण कधी कधी कुरकुर करायचा, मग मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडून नवीन चिठ्ठी घेतली आणि तिच्या झेरॉक्स काढल्या. तीन झेरॉक्स, तीन दुकानं. हे मी आत्तापर्यंत नवऱ्याला आणि डॉक्टर मॅडमना (ज्यांनी पुढे माझी गोळी सोडवली, त्यांचं खाली येईलच) सोडून कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहिताना पण हात अडखळतोय पण लिहिते, कारण झेरॉक्स काढणारी मी एकटीच नसणार.

काकांच्या दुकानात ते चाललंच नसतं, का ते आता कळलंय. ते चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का मारतात, तारीख टाकतात आणि किती गोळ्या दिल्या ते लिहितात. त्यामुळे तीच चिठ्ठी दुसरीकडे नेली तर समोरच्याला दिसतं की माल घेऊन झालाय. झेरॉक्स घेतच नाहीत, ओरिजिनलच लागते. शिवाय एक वेगळं जाड रजिस्टर आहे. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ म्हणून नियम लागू झालाय, त्यात ४६ औषधं घातली, काही अँटिबायोटिक, टीबीची काही, आणि आपल्या विषयातली म्हणजे अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ह्या झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्या, ट्रॅमाडॉल (दुखण्याची), कोडीन (खोकल्याच्या औषधातलं). ह्यातलं काहीही दिलं की लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. पाकिटावर लाल चौकट असते इशाऱ्याची, आता घरात गोळ्यांचं पाकीट असेल तर उलटं करून बघा. मी अडीच वर्षं रोज ते पाकीट हातात धरलं आणि ती लाल चौकट वाचली नाही. मी स्वतः पतसंस्थेत केवायसी नसेल तर माणसाला परत पाठवते, सही जुळली नाही तर पैसे देत नाही, मग औषधाच्या दुकानात मला कुणी कागद मागितला तर तो अपमान कसा झाला, ह्याचं उत्तर मला आजपण देता येत नाही.

आता दिवाळीचं सांगते. २०२३ ची दिवाळी, नोव्हेंबरमध्ये. मी माहेरी गेले, आई एकटी असते म्हणून. गोळ्या दुसऱ्या पर्समध्ये राहिल्या. पहिल्या रात्री झोप नाही, ते ठीक होतं, म्हटलं उद्या येईल. दुसऱ्या दिवशी आईबरोबर चकल्या पाडायला बसले तर सोऱ्या धरवेना, घामाने ब्लाउज भिजला, नोव्हेंबरात. फटाका वाजला की मी अख्खी दचकत होते आणि दचकले की पाच मिनिटं छाती शांत व्हायची नाही. भाचीची फुलबाजी पण डोळ्यांना सहन होत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मला खात्रीच झाली की हार्ट अटॅक येतोय. भावाने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का. आणि मी नाही म्हटलं.

हे खोटं बोलले नव्हते मी. मला खरंच ती गोळी गोळी वाटत नव्हती. बीपीची, शुगरची, थायरॉइडची ह्या गोळ्या. झोपेची गोळी म्हणजे काय, जसं कुणी रात्री दूध घेतं. त्या डॉक्टरांना मी सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच ओळखलं असतं. आणि नंतर मॅडमनी सांगितलं की रोजची गोळी अशी एकदम बंद झाल्यावर काही लोकांना फिट येते, आकडी, जिवावर बेतू शकतं. माझ्या नशिबाने तेवढं झालं नाही. म्हणून जे कुणी हे वाचून जोशात येऊन उद्यापासून गोळी बंद करणार असतील त्यांना हात जोडून सांगते, करू नका. एकदम बंद करणं हे गोळी चालू ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. कमी करायची ती डॉक्टरला विचारून, हळूहळू.

भाऊ मला सांगलीला सोडायला आला, घरात शिरल्या शिरल्या मी आधी पर्स शोधली, गोळी घेतली, आणि अर्ध्या पाऊण तासात सगळं गेलं. घाम गेला, धडधड गेली, हात स्थिर. सोफ्यावर बसले होते आणि नवरा समोर उभा राहून बघत होता, तो एवढंच म्हणाला "हे काय आहे?" त्या दिवशी मी पहिल्यांदा डब्यामागची पाकिटं काढून त्याच्यासमोर ठेवली. तूरडाळीच्या डब्यामागे सात पाकिटं होती. दहापेक्षा कमी गोळ्या उरल्या की मला कसंतरी व्हायचं म्हणून साठा करायचे मी.

दोन दिवसांनी मी त्याच मेडिकलमध्ये गेले. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. का तिथेच गेले, तर मला माहीत होतं की हा एक माणूस आहे ज्याला आधीच कळलंय. मी काही मागितलं नाही, म्हटलं काका मला ह्या गोळ्या सोडायच्यात. त्यांनी स्टूल बाहेर काढून दिलं बसायला. किती घेता, किती वर्षं, दारू घेता का, खोकल्याचं किंवा दुखण्याचं दुसरं काही घेता का, हे सगळं विचारलं. दारूचं का विचारलं तर ही गोळी आणि दारू, किंवा ही गोळी आणि ट्रॅमाडॉल कोडीनसारखं औषध, एकत्र झालं की श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो, म्हणून. (घरातले जे रात्री एक पेग आणि एक गोळी घेतात त्यांना हे वाचून दाखवा.) मग म्हणाले, "आज रात्री नेहमीची गोळी घ्या. बंद करू नका. उद्या ह्या मॅडमना भेटा," आणि मिरजेच्या एका मानसोपचार डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. "मानसोपचार लिहिलंय म्हणून घाबरू नका, गोळी मेंदूवर चालते तर मेंदूचाच डॉक्टर लागणार ना." मी विचारलं तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं, जूनमध्ये. तर म्हणाले "तुम्ही थांबलाच नाही ताई."

मॅडमबद्दल थोडं लिहिते कारण दुकानाचा रिव्ह्यू त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मेंदूत शांत करणारं एक स्वतःचं रसायन असतं, गाबा. ही गोळी त्याचं काम जोरात करून देते. घरात एक जण सगळी कामं उरकायला लागला की बाकीचे हात आखडून बसतात ना, तसं काही आठवड्यांत मेंदू स्वतःचे हात आखडतो. मग तेवढ्याच गोळीत भागत नाही, दोन लागतात. आणि गोळी अचानक काढून घेतली की घरात काम करणारं कुणीच नाही, सगळा गोंधळ, घाम, थरथर, धडधड, झोप उडालेली, ते दिवाळीत झालं ते. त्यात अल्प्राझोलाम लवकर चढते आणि लवकर उतरते, साधारण ११ तासांत निम्मी शरीरातून गेलेली असते, म्हणून दुपारी हात थरथरायचे.

मी विचारलं मॅडम मी व्यसनी आहे का. हा प्रश्न विचारताना मी रडले. आमच्याकडे व्यसनी म्हणजे गटारात पडलेला माणूस. मी तर सकाळी डबे भरून, साडी नेसून, वेळेत कामावर जाणारी बाई. त्या म्हणाल्या, दोन गोष्टी वेगळ्या असतात. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे गोळी महिनोन्महिने घेतली तरी शरीराला सवय लागू शकते, सोडताना त्रास होऊ शकतो, त्याला व्यसन म्हणत नाहीत, ते कुणाच्याही शरीराचं होईल, त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मनाने डोस वाढवणं, लपवणं, साठा करणं, अनेक दुकानं फिरणं, नुकसान दिसत असून थांबता न येणं. तिथे व्यसनाची सुरुवात होते. "तुमच्यात दोन्ही आहे. आणि दोन्हीवर इलाज आहे." इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सरळ सांगितल्यामुळेच मला बरं वाटलं. नुकसान कुठलं म्हणाल तर दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेलेले, काउंटरला एकदा कॅश जुळली नव्हती, पैसे मी पदरचे भरले, लेक दहावीत होती तिचा एकही पेपर कसा गेला हे मला आठवत नाही. तो काळ धुक्यासारखा आहे.

नंतर मी वाचत बसले ह्या विषयावर. ह्या गटातल्या गोळ्या (बेंझोडायझेपिन म्हणतात ह्यांना) नवीन नाहीत, पहिली १९६० ला बाजारात आली, डायझेपाम १९६३ ला. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला प्रोफेसर हेदर ॲश्टन म्हणून एक डॉक्टर होत्या, त्यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं फक्त ह्या गोळ्या सोडवायचं क्लिनिक चालवलं. त्यांच्याकडे येणारे बहुतेक लोक साधे, डॉक्टरने दिली म्हणून घेणारे. त्यांचं म्हणणं होतं की गोळी हळू कमी करायची आणि वेग पेशंटच्या हातात ठेवायचा. मला हे वाचून इतका धीर आला की चाळीस वर्षांपूर्वी एका बाईने आमच्यासारख्यांचं ऐकून घेतलं होतं. आणि अमेरिकेत एफडीएने (औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) सप्टेंबर २०२० मध्ये ह्या सगळ्या गटाच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा टाकायला लावला, गैरवापर, व्यसन, शरीराची सवय आणि सोडतानाचा त्रास, चारही शब्द त्यात आहेत. आपल्याकडे सरकारी सर्वे एम्सने केला, २०१९ ला आला, त्यात डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्या घेणारे १० ते ७५ वयातले १.०८ टक्के म्हणजे साधारण १ कोटी १८ लाख लोक निघाले. सगळी सांगली जिल्ह्याची माणसं घेतली, कोल्हापूरची घेतली, साताऱ्याची घेतली, तरी एवढी होतील का बघा.

आता गोळी कमी करायचे महिने, आणि ह्यात दुकानाने काय केलं ते. मॅडम एका वेळी दोन आठवड्यांचं लिहून द्यायच्या. काका मात्र एका वेळी एकाच आठवड्याचं द्यायचे, हे मॅडमशी फोनवर बोलून ठरवलेलं. जास्त घरात असल्या की रात्री तीनला हात जातो, खरं आहे ते, जातोच. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरीचा तुकडा तुटणार नाही असं कापायचे, पाकिटावर तारीख, वार आणि अर्धी की पाव ते मराठीत लिहायचे. गोळी कापायचं छोटं कटर त्यांनीच दिलं, शंभराच्या आत होतं, विळीने किंवा सुरीने पाव गोळी नीट होत नाही, चुरा होतो. घरातली साठवलेली सात पाकिटं मी त्यांच्याकडे नेऊन दिली, पैसे परत मिळणार नाहीत म्हणाले, मी म्हटलं नकोच आहेत, त्यांनी माझ्यासमोर वेगळ्या खोक्यात टाकली नष्ट करायच्या मालात आणि खोक्यावर लिहिलं, विक्रीसाठी नाही.

माझं कमी करायचं टाइमटेबल इथे मुद्दाम देत नाही. कुणीतरी ते कॉपी करेल आणि त्याचं शरीर वेगळं, डोस वेगळा, वय वेगळं. एवढंच सांगते की मॅडम एका वेळी फार थोडं कमी करायच्या, मग दोन ते चार आठवडे तिथेच थांबायचं, जास्त त्रास झाला तर अजून थांबायचं पण मागे नाही जायचं. मधे त्यांनी एक गोळी बदलून हळू उतरणारी दिली. सगळं मिळून अकरा महिने लागले. डिसेंबर २०२३ ला सुरू, नोव्हेंबर २०२४ ला शेवटची पाव गोळी.

सोपं होतं असं अजिबात नाही. तिसऱ्या महिन्यात मी एकदा रात्री साडेनऊला दुकानात गेले आणि काकांना म्हटलं चार गोळ्या द्या फक्त, पुढच्या आठवड्यातल्या कापून घ्या. रडत होते. त्यांनी दिल्या नाहीत. तेव्हा सूनबाई काउंटरला होती, ती उठून बाहेर आली, पायरीवर माझ्याशेजारी बसली, त्यांनी शटर अर्धं खाली घेतलं आणि तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडमनी मला फोनवर पाच मिनिटं श्वास मोजायला लावला. नवऱ्याला बोलावलं. ह्याला किती स्टार द्यायचे ते तुम्ही सांगा. चार गोळ्यांचे पंधरा वीस रुपये मिळाले असते त्यांना.

झोपेसाठी नुसतं गोळी काढून घेतली असं पण नाही केलं, मॅडमनी झोपेची एक वही करायला लावली. कधी आडवी झाले, कधी लागली, कधी जाग आली. झोप आली तरच गादीवर जायचं, वीस मिनिटांत नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, सकाळी काही झालं तरी सहाला उठायचं, दुपारी नाही झोपायचं. ह्याला सीबीटी-आय म्हणतात, जुन्या निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून गोळीच्या आधी हेच सांगितलं जातं बाहेरच्या देशांत. पहिले दोन आठवडे मला हे सगळं शिक्षा वाटलं. सहाव्या आठवड्यात एक दिवस सकाळी जाग आली आणि लक्षात आलं की रात्री आपण मधे उठलोच नाही. आणि हो, बाबांचं रडायचं राहून गेलं होतं ते पण त्या महिन्यांत झालं, गोळीने झोप दिली होती पण रडू पण दाबून ठेवलं होतं.

आता दुकानातल्या बाकीच्या गोष्टी, कारण हा रिव्ह्यू आहे आणि सगळं छान छान लिहिलं तर खोटं होईल. डिस्काउंट फारसा नाही, ऑनलाइनवर जे वीस बावीस टक्के दिसतं ते इथे मिळणार नाही. पण बीपी शुगरच्या गोळ्यांची स्वस्त जेनेरिक मागितली तर देतात आणि कंपनीच्या गोळीत आणि त्यात काय फरक ते सांगतात. बिल न मागता मिळतं. इन्सुलिन फ्रिजमधून काढून बर्फाच्या पिशवीत देतात. वेळ लागतो, काका प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचतात, संध्याकाळी सात ते आठ गेलात तर वीस मिनिटं धरून चला. होम डिलिव्हरी आहे पण एच१ च्या औषधांची नाही, त्याला स्वतः किंवा घरच्याने चिठ्ठी घेऊनच यावं लागतं.

एक तक्रार माझी अजून आहे आणि ती मी त्यांना तोंडावर सांगितली. "चिठ्ठी?" हे ते सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून आवाज मोठा आहे हे मला आता माहीत आहे पण नवीन माणसाला नाही माहीत. माझ्यासारखी एखादी त्या एका शब्दाने पायरीवरून परत जाते आणि अजून पाच महिने घालवते. सूनबाई हेच काम हळू आवाजात करते, बाजूला बोलावून. त्यांनी ऐकून घेतलं, "बरोबर आहे ताई" म्हणाले. आणि गेल्या महिन्यापासून काउंटरवर एक कागद चिकटवलाय, झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल आणि कमी करायची असेल तर दुपारी दोन ते चार येऊन बोला. खाली टेलिमानसचा (मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन) १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, दोन्ही सरकारी नंबर, दोन्ही फुकट. अक्षर सूनबाईचं आहे.

त्या कागदामुळे किती जण येतात विचारलं तर काका म्हणाले, आत्तापर्यंत चार. त्यातल्या एक आजी आहेत सत्तरीच्या पुढच्या, दोनदा बाथरूममध्ये पडल्यात, एकदा मनगट मोडलंय, घरचे फरशी बदलत बसले आणि गोळीकडे कुणी बघितलंच नाही. म्हाताऱ्या माणसांना ह्या गोळीने तोल जातो, पडणं वाढतं, विसरायला होतं, आणि आपण म्हणतो वय झालं. तुमच्या आईवडिलांच्या गोळ्यांच्या डब्यात बघा ही आहे का, असेल तर काढून फेकू नका, चिठ्ठी शोधा, तारीख बघा, आणि दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जा. दवाखान्यात कुणीही विचारलं काय चालू आहे तर ही पण सांगा, पहिली सांगा.

वेळ सकाळी ९ ते रात्री १०, दुपारी दीड ते दोन जेवायला बंद, रविवारी संध्याकाळी बंद. समोर गाडी लावू नका, शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यांचा टेम्पो लागतो, अलीकडे शाळेच्या भिंतीला लावा. मागच्या आठवड्यात मी गेले होते तेव्हा आईची बीपीची गोळी आणि एक थर्मामीटर घेतला. काकांनी सवयीने रजिस्टरकडे हात नेला, मग माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.